खिशातल्या पिस्तुलाची घडण: डेरिंजर ते वाल्थर पीपीके

अंगावर सहज लपणाऱ्या पिस्तुलाकडे पाहताना त्याची लांबी-रुंदी आधी डोळ्यांत भरते. पण त्याचा आकार मुळात ठरतो तो त्यात बसणाऱ्या काडतुसावरून. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांची छोटी पिस्तुले अमेरिकेत इतकी खपली, की त्यांचे आडनाव, स्पेलिंगमध्ये एक 'आर' जास्तीचा घेऊन, त्या जातीच्या पिस्तुलांचे नावच होऊन बसले. १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल याच बनावटीचे होते. ते ठासणीचे असल्याने त्यात बार एकच असे.

एकाच बाराचा हा पेच सोडवला तो अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी. बेल्जियममधील लिएजजवळच्या एफएन या शस्त्रांच्या कारखान्यासाठी त्यांनी केलेल्या पिस्तुलाबरोबर १८९९ मध्ये ७.६५ मिमीचे, म्हणजे आपल्याकडे .३२ बोअर म्हणतात ते, काडतूस आले. त्याचा जोर बेताचा असल्याने बार उडताना नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकवून ठेवणारी यंत्रणा लागत नाही. मागे सरकू पाहणाऱ्या काडतुसाच्या पुंगळीला स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढेच आवर घालतात. सुटे भाग कमी झाले आणि पिस्तूल चपटे झाले. पुढे ६.३५ मिमीच्या काडतुसासाठी त्यांनी केलेले पिस्तूल तर अवघे ११४ मिमी लांबीचे होते.

१९१० च्या नमुन्यात ब्राउनिंग यांनी स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली, त्यामुळे तिच्यासाठी नळीच्या वर किंवा खाली वेगळी जागा ठेवावी लागली नाही. बाहेर घोडाही नव्हता, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकण्यासारखे फारसे काही उरले नाही. (कोल्टच्या १९०३ च्या पिस्तुलाला 'हॅमरलेस' म्हणत, पण त्याचा घोडा आत दडवलेला होता एवढेच.) सारायेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्या हत्येत वापरले गेले ते या १९१० च्या नमुन्याचे, .३८० बोअरचे पिस्तूल. अनेक पुस्तकांत मात्र वर्षानुवर्षे जुन्या नमुन्याचेच नाव छापले जात राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर रोखलेले इटालियन बेरेटाही याच .३८० काडतुसाचे होते.

जर्मनीच्या वाल्थरने १९२९ मध्ये पोलिसांसाठी पीपी आणि लवकरच त्याहून आखूड पीपीके आणले. माझ्या मते या जातीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना हीच. पहिल्या बाराला चाप लांब आणि जड ओढावा लागतो, कारण तोच घोडा उचलतो. सुरक्षेचा खटका खाली केला की घोडा बार न उडवता खाली येतो. आणि नळीत काडतूस असले, तर घोड्याच्या वर एक बारीक पिन बाहेर डोकावते, जी अंधारातही बोटाला कळते.

१९६८ च्या अमेरिकन कायद्याने आयात पिस्तुलाची उंची किमान चार इंच असावी असे ठरवले आणि पीपीके त्यात थोडक्यात हुकले. वाल्थरने पीपीच्या उंच मुठीवर पीपीकेची स्लाइड चढवून पीपीके/एस काढले. लपवण्याजोगे केलेले पिस्तूल असे कायद्यापायी उंच झाले.

आपल्याकडे लष्कर-पोलिसांचे ९ मिमी काडतूस सामान्य परवानाधारकाला वर्ज्य आहे. म्हणून आयुध निर्माणींचे नागरी विक्रीचे पिस्तूल आजही .३२ बोअरचे, म्हणजे ब्राउनिंग यांच्या त्या १८९९ च्या काडतुसाचेच असते.