बर्फव्यापार, अमेरिकेतील नैसर्गिक

अमेरिकेच्या ईशान्य भागातील गोठलेल्या तळ्यांवरचा व नद्यांवरचा बर्फ कापून, साठवून उष्ण प्रदेशांत विकण्याचा एकोणिसाव्या शतकातील व्यवसाय. मॅसॅच्युसेट्स, मेन व न्यूयॉर्क ही राज्ये त्याची मुख्य क्षेत्रे.

उगम : व्यापाराचा जनक म्हणून बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचे (१७८३–१८६४) नाव बहुतेक ग्रंथांत येते. मूळ कल्पना १८०५ च्या उन्हाळ्यात त्याचा भाऊ विल्यम याने सहज बोलून दाखवली, असे परंपरेने सांगतात. ट्यूडरची बर्फविषयक रोजनिशी त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू होते, एवढे निश्चित. फेब्रुवारी १८०६ मध्ये ‘फेव्हरिट’ जहाजातून सुमारे १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर गेला. तिथे साठवणुकीची इमारतच नव्हती. माल विकता विकता वितळला आणि खेप तोट्यात गेली. मात्र न्यूयॉर्कहून चार्ल्स्टनला १७९९ च्या सुमारास बर्फ गेल्याचे उल्लेख आहेत, आणि मेरिलंडच्या टॉमस मूरने १८०३ मध्ये घरगुती बर्फपेटीचे एकस्वही (पेटंट) घेतले होते. त्यामुळे ‘पहिला’ हे विशेषण ट्यूडरला जपूनच लावावे. तळे, वखार, जहाज आणि परदेशातला बर्फखाना ही साखळी त्याने चिकाटीने जोडली. कर्जापायी तुरुंग पाहूनही ती सोडली नाही. त्याचे खरे श्रेय इथे आहे. कापणीच्या तंत्राचे श्रेय मात्र नॅथानिएल जार्व्हिस वाइथ (१८०२–१८५६) याला द्यायला हवे. ट्यूडरच्या चरित्रांत तो उगाचच मागे पडतो.

कापणी : हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीचा. शेते रिकामी असल्याने शेतकरी आणि त्यांचे घोडे मजुरीला मिळत. ताजे हिम गोधडीसारखे पसरून वरची थंडी अडवते व बर्फ जाड होऊ देत नाही. म्हणून ते घोड्यांच्या फळीने आधी खरवडून काढत. हिम भिजून गोठले तर वर पांढरट, ठिसूळ थर येई. तोही तासावा लागे. बर्फ एक फुटाहून जाड झाल्यावर आखणी होई. वाइथच्या अवजाराला (एकस्व १८२९) दोन समांतर पाती होती. एक आधीच्या खाचेत चाले, दुसरे ठरलेल्या अंतरावर, बहुधा २२ इंचांवर, नवी खाच पाडी. त्यामुळे सर्व लाद्या एका मापाच्या निघत आणि वखारीत फटी न राहता बसत. मग घोड्याच्या नांगराने खाच जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत खोल करत. उरलेले लोखंडी पहारीने फोडत. खाचेत पाणी शिरले तर ते गोठून लाद्या पुन्हा चिकटत, म्हणून खाचांची तोंडे बर्फाच्या चुऱ्याने बुजवत. २२ इंच चौरस व फूटभर जाड लादी ८५ किलोंच्या आसपास भरते.

घोड्याच्या गळ्यात दोराचा सैल फास असे. बर्फ खचून घोडा पाण्यात गेला की माणसे तो फास आवळत. श्वास आत अडकून जनावर तरंगे आणि फळीवरून ओढून घेता येई. लगेच फास सोडून, अंग चोळून त्याला चालते ठेवत.

साठवण व वाहतूक : वखारीच्या भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा. मेनच्या लाकूड गिरण्यांत तो जवळजवळ फुकट मिळे. कोरड्या भुशात अडकलेली हवा उष्णता रोखते. भिजला की तो निकामी होतो. त्यामुळे तळाशी निचरा नसलेली किंवा छपरातून दमट हवा बाहेर जायला वाट नसलेली वखार फसत असे. जहाजात वितळण्याइतकेच भय माल सैल होण्याचे होते. लाद्या एका बाजूने झिजल्या की ढीग सरके व जहाज कलंडे. भाडे परवडण्याचे कारण असे की, भारताकडे माल आणायला निघालेली जहाजे एरवी तोल राखण्यासाठी दगड भरून जात. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ १८० टन बर्फ घेऊन निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता.

मुंबईतही लवकरच हा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभाय यांनी १८३४ च्या सुमारास मेजवानीत आइस्क्रीम वाढले व पाहुण्यांना पडसे झाले, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. पुढे वर्गणीतून सेंट अँड्र्यूज चर्चजवळ बर्फखाना उभा राहिला.

ऱ्हास : अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा पुरवठा तुटला आणि तिथे कृत्रिम बर्फाच्या यंत्रांना चालना मिळाली. कलकत्त्यात १८७८ मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाल्यावर आयात थोड्याच वर्षांत थांबली. अमेरिकेत देशी मागणी मात्र वाढतच होती. १८८९-९० च्या उबदार हिवाळ्याने पीक बुडाले, शिवाय सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांच्या बर्फाविषयी विषमज्वराची धास्ती होती. त्यामुळे कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांचे फावले. मद्रासचा १८४२ च्या सुमाराचा बर्फखाना विवेकानंदर इल्लम या नावाने समुद्रकिनारी अजून उभा आहे. मुंबईचा पाडला गेला.