नवीन काही दिसलं की डोळे आधी का पळतात: यामागची पार्श्वभूमी

गोव्यात चवथीला कुणाच्याही घरी गेलं की मी एक गोष्ट हमखास बघते, माणूस गणपतीसमोर हात जोडून उभा आणि डोळे मात्र वर माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगलेल्या चौकटीवर. नारळ, केळीचे घड, सुपारी, आंबाडे हे सगळं दरवर्षीचंच, पण त्या हिरव्यात एखादंच लालभडक कवंडाळाचं रानफळ टांगलेलं असलं की नजर पहिली तिथे जाते, आणि रानातलं एखादं फळ आधी कधी बघितलेलंच नसलं तर नमस्कार अर्धा राहतो नि "हे काय गा?" सुरू. यात कुणाची भक्ती कमी पडली असं कुणी म्हणत नाही. तेच पोरगं अभ्यास सोडून रील्स बघत बसलं की आपण लगेच म्हणतो, मनावर ताबाच नाही या पोरांचा. मी डिचोलीत संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवते, हे वाक्य पालकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा मागचा सगळा इतिहास नीट लिहून काढावासा वाटला, कारण डोळ्यांना नव्याची ओढ असते आणि मनावर ताबा ठेवायचा असतो, या दोन गोष्टींचं एकमेकांशी नातं काय हे शोधायला शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षं लागली.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच लक्षाचे दोन प्रकार सांगितले होते, एक आपण मुद्दाम देतो ते आणि दुसरं आपोआप ओढलं जातं ते. भटकलेलं लक्ष पुन्हा पुन्हा माघारी आणता येणं हाच स्वभावाचा आणि इच्छाशक्तीचा पाया, असं तो मानायचा. आज घराघरात जे बोलणं मुलांना खावं लागतं त्याची मुळं साधारण तिथली आहेत असं मला वाटतं, फक्त जेम्सचं 'आपोआप ओढलं जातं' हे अर्धं वाक्य आपण विसरलो.

ते अर्धं वाक्य उचललं रशियन शास्त्रज्ञ पावलोवने. कुत्र्याची लाळ सगळ्यांना शाळेत शिकवतात, पण त्याच्या प्रयोगशाळेतली मला जास्त आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सहकारी कुत्र्याला नवीन काही शिकवून तयार करायचे, मग कौतुकाने पावलोवला बघायला बोलवायचे, आणि तो खोलीत आला की कुत्रा शिकलेलं सगळं विसरून त्याच्याकडेच बघत राहायचा! खोलीत नवीन माणूस आला एवढंच कारण. या प्रतिक्रियेला पावलोवने 'हे काय आहे?' अशी प्रतिक्रिया म्हटलं, आणि जिवंत राहायला ती फार गरजेची आहे हेही सांगितलं, कारण झाडीत काय हललं ते न बघणारा प्राणी टिकला नसता.

पुढे रशियातच सोकोलोवने 1960 च्या आसपास याच्यावर खूप काम केलं. त्याचं म्हणणं असं की मेंदू आजूबाजूचा एक नमुना मनाशी करून ठेवतो, येणारी गोष्ट त्याच्याशी जुळली तर दुर्लक्ष, नाही जुळली तर सगळं अंग त्या दिशेला जागं. पणजीला मांडवी नदीच्या पुलावरून रोज रात्री स्कूटरने जाणाऱ्याला कॅसिनोच्या बोटींवरचे ते लखलखते दिवे काही महिन्यांनी दिसेनासे होतात, पण एखाद्या रात्री एक बोट काळोखात असली तर तो मान वळवून बघणारच. म्हणजे ओढ दिव्यांच्या झगमगाटाची नसून बदलाची आहे, आणि हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

1953 मध्ये अमेरिकेत बटलर नावाच्या संशोधकाने माकडांना बंद पेटीत ठेवून बघितलं, बरोबर झाकण ओळखलं तर खिडकी उघडायची आणि थोडा वेळ बाहेरचं दिसायचं, खायला काही नाही. तेवढ्यासाठी माकडं तास न् तास काम करत राहिली. 1964 मध्ये फँट्झने तान्ह्या बाळांपुढे दोन चित्रं ठेवली, एक तेच ते आणि दुसरं दर वेळी बदलणारं, तर दोन महिन्यांवरची बाळं हळूहळू जुन्याकडे कमी कमी बघू लागली. इथे इच्छाशक्ती, संस्कार, वळण यातलं काही मध्ये येतच नाही ना.

मग हे ज्ञान वापरलं कुणी, तर टीव्हीवाल्यांनी. 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला त्याच्या आधी संशोधक एडवर्ड पामरने मुलांना टीव्हीसमोर बसवून बाजूला स्लाइड प्रोजेक्टर लावला, त्यावर दर साडेसात-आठ सेकंदांनी चित्र बदलायचं, आणि मूल टीव्हीवरून मान कधी वळवतं याची नोंद ठेवली जायची. जो भाग त्या बदलत्या चित्रांपुढे हरला तो सुधारायचा. हेतू चांगला होता, शिकवायचाच होता. पण बदलत्या चित्राला स्पर्धक मानून कार्यक्रम त्याच्याशी झुंजवायचा ही पद्धत तिथे पक्की झाली.

नेमक्या त्याच काळात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल याच प्रश्नाकडे मनावरच्या ताब्याच्या बाजूने आला. थांबलास तर आवडता खाऊ, नाही थांबलास तर कमी आवडता, असा तो प्रयोग, सगळे त्याला मार्शमॅलो या मऊ गोड खाऊच्या नावाने ओळखतात, पण 1970 च्या निबंधात बिस्किटं आणि प्रेट्झेल नावाचा खारा कुरकुरीत खाऊ होता. लोक यातून 'थांबणारी मुलं यशस्वी' एवढंच उचलतात. खरा निकाल मात्र असा की दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर होते तेव्हा मुलं सरासरी मिनिटभरच थांबली आणि काहीच दिसत नव्हतं तेव्हा साधारण 11 मिनिटं. मुलं तशीच, खाऊ तोच, फक्त दिसतोय का नाही एवढा फरक! जी थांबली त्यातल्या काहींनी डोळ्यांवर हात घेतले, कुणी गाणी म्हटली.

1998 मध्ये थेउस आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांनाच पकडलं. एका ठरलेल्या वर्तुळाकडे बघायचं एवढंच काम, पण त्याच वेळी पडद्यावर दुसरीकडे नवीन वर्तुळ उगवायचं, आणि बऱ्याचदा डोळे आधी तिकडे जाऊन मग परत यायचे. डोळे तिकडे गेले होते हे बहुतेकांना कळलंसुद्धा नाही.

2006 हे साल तर मला विसरता येत नाही. न बघितलेली चित्रं दाखवली की मेंदूच्या मधल्या भागातली डोपामिन या रसायनाची केंद्रं जागी होतात असं बुन्झेक आणि ड्यूझेलने त्या वर्षी दाखवलं, आणि त्याच वर्षी एझा रास्किन या डिझायनरने वेबसाइटचं पान न संपता खाली सरकतच राहील अशी रचना केली, जिच्याबद्दल त्याने नंतर स्वतः जाहीर खंत व्यक्त केली. आपल्याकडे 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले, मुलं तेव्हा घरी, ऑनलाइन शाळेसाठी हातात फोन. सोकोलोवच्या हिशेबाने बघा, नमुना जमायच्या आत पुढचं चित्र येतं, म्हणजे सवय होऊन नजर सुटायची जी वाट होती ती बंद.

दरम्यान इच्छाशक्ती म्हणजे वापरून थकणारा स्नायू, या मानसशास्त्रज्ञ बॉमाइस्टरच्या 1998 च्या कल्पनेला 2016 च्या अनेक प्रयोगशाळांच्या एकत्र चाचणीत जवळपास काहीच आधार मिळाला नाही. 2018 मध्ये मोठ्या संख्येने मुलं घेऊन बघितलं तर खाऊसाठी थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंधही घरची परिस्थिती धरल्यावर बराच विरला. टिकलं ते काय? डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली, एकाला सांगितलं मोह दिसेल तिथून दूर करा, दुसऱ्याला सांगितलं समोर असू दे पण मन आवरा. अभ्यासाचं ठरवलेलं पहिल्या गटाला जास्त जमलं.

माझ्या वर्गाची बाकं आधी रस्त्याकडे तोंड करून होती, शेजारच्या साखळी गावाची प्रत्येक बस मुलांना दिसायची. या जूनमध्ये ती भिंतीकडे फिरवली आणि फोन माझ्यासकट सगळ्यांचे बाहेर पडवीत, कापडी पिशवीत. बस आली की माना अजून वळतात, पण आवाज ऐकून, आणि लगेच परत वहीवर येतात.