'विविध मागण्यांसाठी मोर्चा'

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला पाण्यासाठी मोर्चा निघाला, बायका रिकाम्या घागरी घेऊन, दोन-अडीचशे माणूस, मीपण होतो. निवेदन दोन पानी, मागण्या चौदा. टँकरच्या खेपा वाढवा ही चौथ्या नंबरला, एसटी स्टँडचं संडास नवव्या, आणि मधेच कुणाच्यातरी आग्रहाखातर पीकविमा. लोकल चॅनेलच्या पोरानं माईक पुढं करून विचारलं मोर्चा कशासाठीय, तर तिघांनी तीन उत्तरं दिली. साहेबांनी निवेदन घेतलं, फोटो झाला, "वरिष्ठांना कळवतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, 'विविध मागण्यांसाठी मोर्चा'. घागरींचा उल्लेखच नाही.

आणि हे आपल्या सातारा-सांगलीत व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण एका मागणीवर माणसं उभी कशी करायची हे या भागानं चांगलं नव्वद वर्षं बघितलंय.

1930 पासून बघा. लोकांना वाटतं गांधीजींनी थेट मीठच उचललं. तसं नव्हतं, त्यांचीपण आधी यादीच होती, जानेवारी 1930 मधली, अकरा मुद्द्यांची. दारूबंदी, शेतसारा निम्मा, लष्कराचा खर्च निम्मा, रुपया-पौंडाचा दर, राजकीय कैद्यांची सुटका, आणि त्यातच कुठंतरी मिठावरचा कर. सगळे मुद्दे बरोबरच होते, पण रुपया-पौंडाचा दर चुलीपुढच्या माणसाला काय सांगणार? मीठ मात्र प्रत्येकाच्या भाकरीत. म्हणून 12 मार्चला साबरमतीहून निघाले ते एकच मुद्दा घेऊन, 6 एप्रिलला दांडीला मूठभर मीठ. मिठाच्या आंदोलनानं आपली झोप काही उडालेली नाही, असं व्हाइसरॉय आयर्विननं लंडनला लिहिलं होतं, पुढं उडालीच.

आता आपल्याकडं समुद्र कुठाय? तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचा बराच भाग धरून, मीठ बनवायला खारं पाणीच नाही. मग लोकांनी जंगल कायदा मोडायचा ठरवला, कारण गवत आणि लाकूड हा इथल्या माणसाचा रोजचा विषय. शिराळा तालुक्यातलं बिळाशी त्यात सगळ्यात गाजलं. मला यातलं हे आवडतं की वरून आलेला निरोप जसाच्या तसा न गिरवता त्यांनी तो गावच्या भाषेत आणला.

1942 ला तर दोनच शब्द, चले जाव. आणि तेही हवेत सोडले नाहीत, मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायचा एवढंच काम ठरलेलं. 3 सप्टेंबरला तासगावात झेंडा लागलापण. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, नऊ जण गेले, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात परत गोळ्या. तिथं झेंडा घेऊन निघालेल्या कुणाला विचारलं असतं कशासाठी चाललायस, तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं.

संयुक्त महाराष्ट्राचं वेगळंच. 1956 ला समिती झाली त्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघपण, म्हणजे एरवी एका बाकावर न बसणारी माणसं. जोडणारं वाक्य एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाईच्या बाजूला काळे झेंडे घेऊन हजारो लोक उभे होते, आणि त्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटील सातारमधून खासदार झाले. पण याला दुसरी बाजूपण आहे हं, 1 मे 1960 ला राज्य मिळालं आणि समितीला जोडून ठेवणारं वाक्यच संपलं, मग ज्याचा त्याचा रस्ता.

शरद जोशींचं (जन्म सातारचाच, 1935) तसंच. 1980 च्या आसपास कांदा-ऊस आंदोलनात ते एवढंच म्हणत राहिले की शेतमालाला रास्त भाव द्या, बाकी सगळं नंतर. एककलमी कार्यक्रम. त्यावर टीका झाली की शेतमजुराचं काय, ज्याच्याकडं विकायला मालच नाही त्याचं काय, आणि ती टीका मला तरी पटते. पण भाव म्हटल्यावर रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला आपण कशासाठी बसलोय हे समजावून सांगावं लागत नव्हतं, हेपण खरं.

मजुराचं उत्तर आपल्याच खानापूर तालुक्यात सापडतं, येरळा नदीवर, बळीराजा धरणाच्या लढ्यात. मुक्ती संघर्ष चळवळीचं काम, भारत पाटणकर वगैरे मंडळी, साल ऐंशीच्या दशकातलं. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते, नदी कोरडी पडत चाललेली. गावकऱ्यांनी काय मागितलं, तर त्यातली थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आमचं धरण आम्ही बांधतो. बस. सरकारकडं धरण मागितलंच नाही, त्यामुळं निधी नाही असं सांगायची सोयच राहिली नाही. आणि पाणी वाटताना जमीन नसलेल्या माणसालापण हिस्सा, म्हणजे मागणी एवढीशी पण तिच्या पोटात केवढं मोठं धरलेलं बघा. पुढं नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांमधून तेरा दुष्काळी तालुक्यांचा लढा उभा राहिला, तिथंही वाक्य तेच, समन्यायी पाणीवाटप.

गेल्या आठवड्यात यंदाच्या मोर्चाच्या निवेदनाचा कच्चा खर्डा आमच्या ग्रुपवर आला. सकाळी दोन मागण्या होत्या, टँकर आणि चारा. दुपारपर्यंत सात झाल्या, रात्री नऊ. दहावी मीच टाकली, स्मशानभूमीच्या शेडची, कारण पत्रे खरंच उडालेत.