वादळाचा शंकू आणि उलटं घड्याळ

टीव्हीवर चक्रीवादळाची बातमी लागली की नकाशावर एक पांढरा शंकू हमखास येतो. टोक वादळाच्या आताच्या जागी, रुंद तोंड किनाऱ्याकडे. बघणारा त्यावरून दोन गोष्टी ठरवून मोकळा होतो: शंकू जेवढा रुंद तेवढं वादळ मोठं, आणि आपलं गाव शंकूबाहेर असेल तर आपण सुटलो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

अमेरिकेत हा शंकू मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर काढतं. (हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, फक्त अटलांटिक किंवा पूर्व पॅसिफिकातलं.) गेल्या ५ वर्षांत वादळाच्या मध्यबिंदूचे अंदाज किती चुकले ते मोजायचं. त्यातल्या दोन तृतीयांश चुका ज्या वर्तुळात मावतील तेवढं वर्तुळ १२, २४, ३६ अशा तासांनंतरच्या अंदाजित जागेभोवती काढायचं. मग ही वर्तुळं बाहेरून जोडली की झाला शंकू. २०२४ साली अटलांटिकसाठी २४ तासांच्या वर्तुळाची त्रिज्या ४१ सागरी मैल होती आणि ७२ तासांची १०२, म्हणजे जवळपास १९० कि.मी. मोसमातल्या प्रत्येक वादळाला हेच आकडे लागतात, मग ते वादळ पिटुकलं असो की अवाढव्य. तीनातून एकदा मध्यबिंदू शंकूबाहेर जाणार हे यात गृहीतच आहे. वारा, पाऊस आणि समुद्राचं उधाण कुठवर पोचेल याबद्दल तर शंकू अवाक्षर काढत नाही.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री 'हेलीन' फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. तिथून दोनशेहून जास्त कि.मी. दक्षिणेला असलेल्या टॅम्पा उपसागराच्या काठी घराघरांत समुद्राचं पाणी शिरलं आणि माणसं दगावली. मग तेराच दिवसांनी त्याच किनाऱ्यावर 'मिल्टन' आलं. राज्य सरकारची तयारी कशी चालते हे बघायला याहून चांगलं उदाहरण नाही.

तयारी करणारी मंडळी शंकूकडे फारशी बघत नाहीत आणि 'वादळ कधी धडकणार' हेही आधी विचारत नाहीत. त्यांना हवी असते ताशी ६३ कि.मी.चा सलग वारा आपल्या हद्दीत पोचण्याची वेळ. हा वारा सुरू झाला की उंच गाड्या पुलावर डगमगू लागतात आणि रुग्णवाहिका, बस रस्त्यावरून काढून घ्याव्या लागतात. टॅम्पा उपसागराच्या तोंडावरचा सनशाइन स्कायवे पूल साधारण याच वेगाला बंद होतो. तोपर्यंत जे बाहेर पडलं ते पडलं. म्हणून सगळं घड्याळ या क्षणापासून उलटं मोजायचं.

एक ढोबळ हिशेब करू. मिल्टन ९ ऑक्टोबरला रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा की या बेटावर धडकलं. मानू या की ६३ कि.मी.चे वारे मध्यबिंदूच्या पुढे २५० कि.मी.पर्यंत पसरलेत आणि वादळ ताशी २५ कि.मी.ने सरकतंय. म्हणजे हे वारे १० तास आधी, सकाळी साडेदहालाच हजर. उपसागराकाठची दाट वस्ती रस्त्यांवरून बाहेर पडायला, समजा, ३० तास लागतात. आलो ८ तारखेच्या पहाटे साडेचारला. त्याआधी निवारे उघडणं, बसचालक गोळा करणं आणि लोकांनी सामान बांधणं यांना १२ तास धरा. वस्ती रिकामी करण्याचा आदेश ७ तारखेच्या दुपारी साडेचारच्या आत निघायला हवा. धडक बसायला तेव्हा अजून ५२ तास बाकी असतात, वादळ मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तरेला असतं आणि ४८ तासांच्या अंदाजाचं वर्तुळ असतं १३० कि.मी. त्रिज्येचं. निर्णय नेमका अशा वेळी घ्यावा लागतो जेव्हा खात्री नसते. खात्री होईपर्यंत थांबलात तर रस्ते अपुरे पडतात. प्रत्यक्षातही हिल्सबरो आणि पिनेलस या काउंट्यांचे (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखी ही एककं) आदेश ७ तारखेलाच निघाले.

उलट उदाहरण २०२२ च्या 'इयन'चं. अंदाजाची रेषा सुरुवातीला टॅम्पाच्या बाजूला होती. तिथल्या काउंट्यांनी २६ सप्टेंबरला आदेश काढले. दक्षिणेच्या ली काउंटीने काढला २७ च्या सकाळी. रेषा दक्षिणेला सरकली आणि २८ च्या दुपारी तीनच्या सुमारास इयन ली काउंटीतच धडकलं. उधाणात बुडून ४१ जण गेले, त्यातले ३६ एकट्या ली काउंटीतले.

आदेश सगळ्यांना नसतो. फ्लोरिडाच्या किनारी काउंट्यांत ए, बी, सी असे विभाग आखलेले असतात आणि ते फक्त पाण्याच्या धोक्यावरून ठरतात. 'पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा' असं तिथे सांगतात. मिल्टनसाठी हिल्सबरोने ए आणि बी रिकामे करायला सांगितले, पिनेलसने ए, बी आणि सी. शिवाय मोबाइल होम म्हणजे आणून ठेवलेल्या हलक्या घरांतले सगळे, मग विभाग कुठलाही असो. पक्क्या घरात, उंचावर राहणाऱ्याने घरीच थांबायचं असतं, आणि हे पटवणं अवघड जातं. २००५ मध्ये 'रीटा'च्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून २५ लाखांवर लोक निघाले. त्यातल्या कित्येकांना निघायची गरजच नव्हती. महामार्ग तुंबले, पेट्रोल संपलं, उन्हाच्या तापाने माणसं गेली. डॅलसजवळ वृद्धाश्रमाची बस पेटून २३ जण मेले.

आता पाणी इतकं का चढतं ते बघू, कारण सगळी आखणी त्यावर उभी आहे. वादळाच्या पोटातला कमी दाब समुद्र वर खेचतो ही शाळेतली गोष्ट खरी, पण अपुरी आहे. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सें.मी. चढतं. एरवी दाब १०१० च्या आसपास असतो; मध्यावर तो ९५० असला तर ६० सें.मी. झाले. मग ४ मीटर कुठून येतात?

वाऱ्याच्या ओढीतून. वारा पाण्याच्या पृष्ठभागाला घासत पुढे ढकलतो. किनाऱ्यापाशी पाण्याला जागा नसते, ते साचतं आणि समुद्राला उतार येतो. उतारामुळे पाणी मागे जाऊ बघतं. वाऱ्याची ओढ आणि उताराचा परतीचा रेटा यांचा तोल जमला की चढ थांबतो. हा तोल पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. सेकंदाला ५० मीटर वेगाचा, म्हणजे ताशी १८० कि.मी.चा वारा पाण्याच्या दर चौरस मीटरवर साधारण ७.५ न्यूटन ओढ लावतो. ही ओढ भागिले पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार, म्हणजे उतार. खोली २० मीटर धरली तर दर कि.मी.ला जवळपास ४ सें.मी. चढ येतो, म्हणजे १०० कि.मी.मध्ये ४ मीटर. खोली २०० मीटर धरली तर तोच वारा तेवढ्याच अंतरात जेमतेम ४० सें.मी. चढवतो. (खरा वारा सगळीकडे सारखा नसतो, तळ सपाट नसतो आणि तोल जमायला वेळ लागतो, तेव्हा हे आकडे अंदाज येण्यापुरतेच.) ओढ वेगाच्या वर्गाने वाढते हेही लक्षात असू द्या.

फ्लोरिडाच्या पश्चिमेला मेक्सिकोच्या आखाताचा तळ शेकडो कि.मी. उथळच असतो. पूर्वेला मायामीसमोर समुद्र थोड्याच अंतरात खोल होतो. म्हणून एकाच ताकदीचं वादळ पश्चिम किनाऱ्याला बुडवतं आणि मायामीला त्या मानाने सोडतं. हरिकेनच्या १ ते ५ या श्रेण्या मात्र फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. २००५ चं 'कट्रिना' किनाऱ्याला लागलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होतं, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी चढलं ८ मीटरच्या वर.

आणखी एक गोम दिशेची. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. पूर्वेकडे सरकणाऱ्या वादळाच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे, उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. मिल्टन टॅम्पा उपसागराच्या तोंडाच्या सुमारे ४० कि.मी. दक्षिणेला धडकलं. आधीच्या अंदाजात उपसागराला १० ते १५ फूट उधाणाचा इशारा होता. झालं उलटं. उत्तरेच्या वाऱ्याने पाणी बाहेर लोटलं, उपसागराचा तळ उघडा पडला आणि उधाण बसलं दक्षिणेच्या किनाऱ्याला. दोन दिवस आधीच्या अंदाजाला ४० कि.मी.ची चूक म्हणजे कौतुकाची अचूकता. पण पाण्याच्या हिशेबात तेवढ्यानेच अधिकाचं उणे होतं. म्हणून विभाग आखताना एका अंदाजावर भिस्त ठेवत नाहीत. 'स्लॉश' या संगणकी प्रतिमानात वेगवेगळ्या मार्गांची, वेगांची, आकारांची असंख्य काल्पनिक वादळं सोडतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यातलं सगळ्यात उंच पाणी नोंदतात. ए विभाग रिकामा करून पाणी आलं नाही, तर 'उगाच पळवलं' असं म्हणणाऱ्याने हे चाळीस कि.मी. आठवावेत. २०२० मध्ये 'निसर्ग' मुंबईला चुकवून रायगडात शिरलं तेव्हा आपल्याकडेही अंदाज फसल्याची टवाळी झाली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या आडव्या झालेल्या नारळी-पोफळींना ती पटली नसती.

राज्याचं काम मुख्यतः वाहतुकीच्या पोलिसासारखं आहे. माणसं बाहेर जातात त्याच वेळी इंधन, पाणी आणि जनरेटर आत यायला हवेत. फ्लोरिडात तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, जवळजवळ सगळं पेट्रोल-डिझेल जहाजाने येतं. तटरक्षक दल ताशी ६३ कि.मी.च्या आसपासचे वारे अपेक्षित असण्याच्या ७२, ४८, २४ आणि १२ तास आधी बंदरावर व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू अशा पायऱ्या लावतं. शेवटच्या पायरीला बंदर बंद. लोकांची टाकी भरायची धांदल आणि बंदर बंद व्हायची वेळ नेमकी एकाच दिवशी येते. मिल्टनच्या वेळी महामार्ग पोलिसांनी टँकरना सोबत देऊन पंपांपर्यंत पोचवलं.

महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेने वळवाव्यात असं कुणालाही सुचेल. १९९९ च्या 'फ्लॉइड'नंतर कित्येक राज्यांनी तशा योजना केल्या. पण मग आत येणारे टँकर कुठून येणार? शिवाय प्रत्येक उतारमार्गावर पोलीस उभे करावे लागतात. म्हणून फ्लोरिडाने आणीबाणीची कडेची पट्टी गाड्यांना उघडून देण्याची पद्धत घेतली. एक मार्गिका वाढते आणि उलटी बाजू मोकळी राहते.

वादळ अजून दूर असताना गव्हर्नर आणीबाणी जाहीर करतात, ते दिखाव्यासाठी नसतं. मिल्टनला नाव मिळालं त्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला, ३५ काउंट्यांत आणीबाणी लागली. दुसऱ्या दिवशी संख्या ५१ झाली. घोषणा होताच भाववाढीविरोधी कायदा लागू होतो, ट्रकच्या वजनाच्या अटी सैल होतात, निविदेविना खरेदी करता येते. ७ तारखेला अध्यक्षांची मंजुरी आली आणि केंद्राची मदत वादळाआधीच निघू शकली. मागणीचा रस्ता ठरलेला आहे: काउंटीला जे पुरत नाही ते राज्याकडे, राज्याला नसेल तर इतर राज्यांशी असलेल्या करारातून किंवा केंद्राकडून. मागणी नेमकी लागते. 'जनरेटर पाठवा' म्हटलं की चुकीच्या क्षमतेचा, चुकीच्या जोडणीचा जनरेटर येऊन रुग्णालयाबाहेर नुसता उभा राहतो.

वीज कामगारांचीही तीच कसरत. मिल्टनआधी सुमारे ५०,००० जण राज्यात आणून ठेवले होते, काही तर कॅलिफोर्नियाहून. किनाऱ्याजवळ ठेवले तर त्यांच्याच गाड्या बुडतात, फार लांब ठेवले तर पडलेली झाडं वाट अडवतात. खांबापर्यंत माणूस उचलणारा त्यांच्या गाडीवरचा पाळणा वर चढवायलाही वारा ताशी ५५-६० कि.मी.च्या खाली यावा लागतो. वृद्धाश्रमांचा धडा 'इर्मा'ने दिला: २०१७ मध्ये वातानुकूलन बंद पडून एका ठिकाणी १२ वृद्ध गेले. त्यानंतरच्या नियमानुसार नर्सिंग होमला ९६ तास तापमान सुमारे २७ अंश सेल्सियसच्या आत राखेल एवढी पर्यायी वीज ठेवावी लागते. मिल्टनच्या वेळी भर पडली ती हेलीनच्या कचऱ्याची. रस्त्याकडेला गाद्या, फ्रीज, भिंतींच्या फळ्या यांचे ढीग पडले होते आणि वाऱ्यात त्यांची अस्त्रं झाली असती. कचरा डेपो रात्रंदिवस उघडे ठेवून मिळेल तेवढा उपसला, सगळा निघाला नाही.

अंधश्रद्धा तिथेही कमी नाहीत. टोकोबागा आदिवासींच्या दफन-टेकड्या टॅम्पाला वाचवतात असं लोक सांगत. १९२१ पासून मोठ्या वादळाची थेट धडक बसली नव्हती, हा पुरावा. काचेवर टेपची फुली मारणं असंच: काच फुटायची थांबत नाही, फक्त तुकडे मोठे होतात. मिल्टनच्या वेळी सरकारच वादळं बनवतं आणि वळवतं अशी आवई उठली. पूर्ण वाढलेलं हरिकेन पाऊस पाडताना जी उष्णता सोडतं ती जगाच्या सगळ्या वीजनिर्मिती क्षमतेच्या कितीतरी पट भरते. ते वळवण्याचं बटण कुणाच्या टेबलावर असेल ते देव जाणे.

मिल्टनने एक हिशेब मात्र चुकवला. ९ तारखेच्या दुपारी, धडक बसायच्या काही तास आधी, वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून टोर्नेडो सुटले. धडकेच्या जागेपासून दोनशे कि.मी. लांब, राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत हलक्या घरांच्या वसाहतीत ६ जण मेले. उलटं मोजायला तिथे ५२ तास नव्हते. टोर्नेडोचा इशारा मिळाला तरी हाती काही मिनिटंच असतात.