जन्मानंतरही लांबत जाणारं जनुक

सप्टेंबर २०२५ मध्ये हंटिंग्टन आजारावरच्या जनुकीय उपचाराची बातमी आली आणि पाठोपाठ ‘असाध्य मेंदूविकार बरा झाला’ असे संदेश फिरू लागले. बातमी मोठीच होती. एएमटी-१३० हा उपचार शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत पोचवला आणि तीन वर्षांत आजाराचा वेग ७५ टक्क्यांनी मंदावला, असं तो विकसित करणाऱ्या कंपनीने जाहीर केलं. पण हा आकडा जास्त मात्रा मिळालेल्या अवघ्या १२ रुग्णांचा होता. शिवाय वेग मंदावणं म्हणजे बरं होणं नव्हे. घरात असा रुग्ण असलेल्यांना खोटी आशा दाखवणं क्रूरपणाचं आहे. त्याच वर्षी जानेवारीत हार्वर्डच्या गटाने प्रसिद्ध केलेलं संशोधन मला याहून मूलगामी वाटतं, कारण हा आजार मुळात होतो कसा, याचं चित्रच त्याने बदललं.

हंटिंग्टन बहुधा तिशी ते पन्नाशीत डोकं वर काढतो. हातपाय आपोआप हलू लागतात, स्वभाव बदलतो, विचार करणं जड जातं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत माणूस जातो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएची सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांमध्ये ती विसेक वेळा असतात. ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा असली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. हे १९९३ मध्ये कळलं, ते व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब कुटुंबांमुळे. नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली होती. त्यांनी वर्षानुवर्षं तिथे जाऊन हजारो लोकांचे रक्तनमुने आणि वंशावळी गोळा केल्या. जगाला हे जनुक ज्यांच्या रक्तातून मिळालं, ती कुटुंबं आजही हलाखीत आहेत, हे विसरता कामा नये.

आता खरा प्रश्न. हे जनुक गर्भापासून प्रत्येक पेशीत असतं. मग चाळीस वर्षं माणूस ठणठणीत कसा राहतो? आणि मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममधल्या पेशीच आधी का मरतात? बरीच वर्षं उत्तर दिलं जाई की या जनुकावरून बनणारं सदोष प्रथिन हळूहळू विष पेरतं. २०१९ मध्ये त्या उत्तराला तडा गेला. सीएजीच्या रांगेच्या शेवटाजवळ सहसा एक सीएए असतो. दोन्हींचा अर्थ एकच: प्रथिनात ग्लुटामिन हा घटक जोडा. काही लोकांमध्ये तो सीएए नसतो, त्याजागी सीएजीच असतो. म्हणजे प्रथिन तंतोतंत तेच, फक्त डीएनएमधली अखंड रांग लांब. अशा लोकांना आजार बराच लवकर होतो! म्हणजे घड्याळ प्रथिनात नसून डीएनएमध्येच आहे.

हे घड्याळ चालतं कसं, ते पाहू. जनुक वाचलं जाताना डीएनएच्या दोन पट्ट्या क्षणभर सुट्या होतात आणि पुन्हा जुळतात. एरवी अक्षरांचा क्रम ठरलेला असल्याने जोडीदार चुकत नाही. पण रांगेत सगळीकडे सीएजीच असेल, तर घाईत शर्टाचं बटण शेजारच्या काजात जावं तसं होतं: सगळी बटणं लागतात, पण मध्ये कापडाचा फुगा राहतो. डीएनएच्या या फुग्यातले सी आणि जी एकमेकांना धरतात आणि तो टिकून राहतो. एमएसएच२ आणि एमएसएच३ या प्रथिनांची जोडी तो हेरते. त्यांचं कामच चुका शोधण्याचं. मग एमएलएच१-एमएलएच३ ही दुसरी जोडी येते आणि समोरच्या, निर्दोष पट्टीला चीर देते. ती चीर भरताना फुगा असलेली पट्टी नमुना म्हणून वापरली जाते, त्यामुळे फुग्यातली जादा अक्षरं समोरही उतरतात. रांग कायमची लांबली. लांब रांगेत फुगे जास्त, म्हणून पुढची वाढ आणखी जलद. फॅन१ नावाचं प्रथिन याला अटकाव करतं. कोणाला कोणत्या वयात लक्षणं दिसतील, यावर त्याच्यातल्या जन्मजात फरकांचाही परिणाम होतो. मेंदूच्या या पेशी विभाजित होत नाहीत, तरीही त्यांचा डीएनए असा वाढतो. उंदरांमधून एमएसएच३ काढून टाकलं, की ही वाढ थांबते.

हार्वर्डच्या गटाने मृत रुग्णांच्या मेंदूतल्या एकेका पेशीतली रांग मोजली. ४० वरून ८० पर्यंत जायला कित्येक दशकं लागतात, पुढे वेग वाढतो आणि १५० पर्यंत काही वर्षांतच मजल जाते. तोवर पेशी जवळपास निरोगी असते. १५० ओलांडल्यावर मात्र तिचा कारभार कोलमडतो आणि ती मरते. प्रत्येक पेशीची पाळी वेगळ्या वेळी येते.

शुक्राणू तयार होतानाही रांग लांबते. म्हणून वडिलांकडून आलेला आजार कधी कधी मुलाला फार लहान वयात गाठतो. अशा घरांना पितृदोष सांगून शांतीसाठी पैसे काढणारे आपल्याकडे आहेत, आणि सुनेच्या पायगुणाला दोष देणारेही. दोन्ही थांबलं पाहिजे. त्या घराला गरज असते ती न्यूरोलॉजिस्टची आणि चाचणीआधी-नंतर नीट बोलणाऱ्या जनुकीय समुपदेशकाची.

एमएसएच३ कमी करणारी औषधं आता प्रयोगशाळांत घडत आहेत. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात सीटीजी या तीन अक्षरांची रांग वयाबरोबर अशीच लांबते, त्यामुळे तिथेही हाच मार्ग तपासला जातोय. अडचण मोठी आहे: एमएसएच३च्या दोन्ही प्रती जन्मतः निकामी असलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्यात गाठी वाढतात. म्हणून हे प्रथिन किती कमी करायचं, फक्त मेंदूतच कसं कमी करायचं आणि लक्षणं नसलेल्या पंचविशीतल्या माणसाला ते औषध केव्हा सुरू करायचं, हे ठरवण्याचं काम सध्या चालू आहे.