डायोत्तर मूत्रपिंड-इजा

हृदयविकाराच्या झटक्यात तातडीची अँजिओप्लास्टी करताना हृदयाच्या धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त द्रव टोचतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावल्यास ही संज्ञा वापरतात. रुग्णालयात या द्रवाला सरसकट ‘डाय’ म्हणतात, पण त्याला जवळजवळ रंग नसतो. सिरिंजमध्ये तो स्वच्छ, किंचित चिकट पाकासारखा दिसतो. दर मिलिलिटरला ३५० मिग्रॅ. आयोडीन असलेला डाय १५० मिलि. वापरला, तर शरीरात ५० ग्रॅमहून अधिक आयोडीन जाते.

पूर्वी ‘डायजन्य’ हा शब्द रूढ होता. डाय हेच कारण असल्याचे त्यात गृहीत धरलेले असल्याने अलीकडे तो मागे पडत आहे. २०१२च्या केडिगो (मूत्रपिंडविकारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय) मार्गदर्शिकेनुसार रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत डेसिलिटरमागे ०·३ मिग्रॅ. वाढले किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले, तर तीव्र इजा मानतात. जुन्या अभ्यासांत २५ टक्के किंवा ०·५ मिग्रॅ. वाढ हा निकष होता. त्यामुळे निरनिराळ्या काळांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे आहे.

या विकाराची पहिली नोंद बहुधा १९५४ची असावी. मज्जार्बुदाच्या (मायलोमाच्या) एका रुग्णाची शिरेवाटे डाय देऊन मूत्रमार्गाची क्ष-किरण तपासणी झाली आणि त्याची लघवी थांबली. त्या काळच्या तीव्र डायची तर्षणक्षमता (विरघळलेल्या कणांची दाटी) रक्ताच्या पाचपट किंवा त्याहून अधिक असे. पुढे आयोहेक्सॉलसारखे सौम्य आणि आयोडिक्सॅनॉलसारखे रक्ताशी समतर्षण असलेले डाय आले. तीव्र डायचा दोष त्यामुळे सिद्ध झाला. सौम्य डायचा दोष किती, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला, म्हणजे मध्यांगाला, निरोगी अवस्थेतही ऑक्सिजन जेमतेमच पुरतो. डायमुळे तेथील रक्तवाहिन्या आकसतात, नलिकांतला द्रव दाट होऊन रेंगाळतो आणि पेशींना थेट इजाही होते. इतके प्रयोगशाळेत दिसते. पण झटक्याच्या रुग्णात हृदयाची पंपशक्ती घटलेली असते, रक्तदाब पडलेला असतो, आणि एरवी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा घेणाऱ्या मूत्रपिंडांना त्याचा फटका आधीच बसलेला असतो. मारेंझी व सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर २०८पैकी ४० रुग्णांत ही इजा आढळली. त्यांच्यातील मृत्युप्रमाण ३१ टक्के, इतरांत ०·६ टक्के होते. आकडा भीतीदायक आहे, पण पंच्याहत्तरीपुढील, उशिरा पोहोचलेले व मोठा झटका आलेले रुग्णच या गटात अधिक होते. २०१७मध्ये कास्पी व सहकाऱ्यांनी अँजिओप्लास्टी झालेल्या आणि न झालेल्या, पण अन्यथा समान अशा झटक्याच्या रुग्णांची तुलना केली. दोन्ही गटांत इजेचे प्रमाण जवळपास सारखेच होते. असे अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने डाय पूर्ण निर्दोष ठरत नाही. तरी मूत्रपिंडांच्या भीतीने बंद धमनी उघडायला उशीर करणे समर्थनीय नाही, हे त्यांवरून पुरेसे स्पष्ट होते. धमनी उघडून हृदय सावरले, तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही सावरतो.

धोका अजमावण्यासाठी २००४चा मेहरान गुणांक प्रसिद्ध आहे. त्यात कमी रक्तदाब, हृदयनिष्फलता, वय, रक्तक्षय, मधुमेह, मूत्रपिंडांची आधीची अवस्था व डायचे प्रमाण हे मुद्दे येतात.

प्रतिबंधासाठी सलाइन हाच मुख्य आधार. पण झटक्यात आधीपासून सलाइन देत बसायला वेळ नसतो आणि दुबळ्या हृदयात ते जास्त झाले, तर फुप्फुसांत पाणी साचते. अॅसिटिलसिस्टीन या औषधाबद्दल २००६मध्ये आशा निर्माण झाली होती. २०११ व २०१८च्या मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. अर्थात २०१८च्या चाचणीत तातडीचे रुग्ण नव्हते. म्हणून डाय मोजून वापरणे महत्त्वाचे. मिलिलिटरमधील डाय गाळणदराच्या (ईजीएफआरच्या, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलि. गाळतात त्या अंदाजी आकड्याच्या) तिपटीत ठेवावा असा संकेत आहे. गाळणदर ४० असेल, तर मर्यादा १२० मिलि.

मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने मूत्रपिंडांना इजा होत नाही. इजा झालीच, तर ते साचून रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढू नये म्हणून ते काही काळ थांबवतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी मात्र भर पडते. डायलिसिस क्वचितच लागते. क्रिएटिनिन सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कमाल पातळी गाठते व एक-दोन आठवड्यांत उतरते. तिसऱ्या दिवशी घरी गेलेल्या रुग्णाची ही वाढ पुन्हा रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.