चिमट्याची तार किती वाकावी?

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या तिथल्या वाऱ्यामुळे, आणि त्याच वाऱ्यात पठारावरच्या वाड्या-वस्त्यांचे धुणेही वाळते. ते धुणे दोरीवर धरून ठेवणारा, सगळाच एका तारेतून वळवलेला चिमटा कसा असावा, याचा हा हिशेब. वाऱ्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर या उंचीवरच्या हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१ किलो धरून वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५५ न्यूटन भरतो. हा जोर साडेपाच किलो वजनाएवढा झाला. दोरीवर दुहेरी टाकलेली चादर सहज दोन चौरस मीटरचे अंग वाऱ्यापुढे धरते. सुदैवाने कापड भिंतीसारखे उभे राहत नाही; ते उडते, वाऱ्याच्या दिशेला लागते आणि प्रत्यक्ष ओढ बरीच कमी होते. मात्र ती सलग नसते. कापड फडफडते तेव्हा दर झटक्याला ओढ वाढते आणि ओसरते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. चिमट्याला तोंड द्यायचे असते ते या झटक्यांना. पिळलेल्या कपड्याचे वजन त्यामानाने दुय्यम आहे, कारण दोरीवरून दोन्हीकडे सारखे सोडलेले कापड आपले वजन दोरीवरच टाकते.

त्या झटक्यांपुढे चिमट्याची पकड केवढी असते? समजा, दोन्ही जबडे कापडाला ८ न्यूटन जोराने दाबत आहेत. ओले सुती कापड आणि गुळगुळीत पोलाद यांच्यातला घर्षणगुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा, अंदाजे ०.३ धरला, तर दोन्ही बाजू मिळून घर्षण होते ४.८ न्यूटन, म्हणजे जेमतेम अर्ध्या किलोची ओढ. जोराच्या वाऱ्याला हे पुरे पडणार नाही. येथे पहिला विचार मनात येतो तो स्प्रिंग अधिक कडक करण्याचा, आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. कडक स्प्रिंग दाबताना बोटे दुखतात, सांधे आखडलेल्या आजींना तर असा चिमटा उघडतच नाही. शिवाय जबड्याखाली घट्ट दाबलेला ओला सुती धागा तसाच वाळतो; वाळताना त्यातल्या सेल्युलोजच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध त्या चेपलेल्या आकारातच पुन्हा जुळतात आणि चिमट्याचा वळ इस्त्री होईपर्यंत कपड्यावर राहतो.

अधिक चांगला उपाय जबड्याच्या आकारात आहे. जबड्याचे टोक बाहेरच्या अंगाला किंचित उमललेले असावे, म्हणजे चिमटा जाड शिवणीवरही न अडकता सरकेल. त्याच्या आत दोन्ही जबडे एकमेकांना भेटतील अशी अरुंद जागा असावी. आणि तिच्याही मागे दोरी बसेल असा गोल खळगा असावा. कापडासह दोरी या खळग्यात बसली की चिमटा निसटण्यासाठी जबड्यांना दोरीच्या जाडीएवढे उघडावे लागते. मग तो केवळ घर्षणावर अवलंबून राहत नाही, आणि त्याच ८ न्यूटनांच्या दाबात पकड कितीतरी भरवशाची होते. आपल्याकडे गच्चीवर नायलॉनची दोरी चार ते सहा मिलिमीटर जाडीची, तर जस्ताचा मुलामा दिलेली तार अडीच-तीन मिलिमीटरची असते. दोन्ही चालायच्या असतील तर खळगा दोरीच्या मापाने करावा आणि जबड्याचे तोंड निदान ८ मिलिमीटर उघडेल असे पाहावे.

चिमटा धातूचाच का करावा, हे साताऱ्याच्या हवामानात वेगळे सांगावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरसुद्धा पडेल याची खात्री नसते. पावसाच्या भागात लाकडी चिमट्यावर बुरशी चढते. उन्हाच्या भागात प्लॅस्टिकचा चिमटा ठिसूळ होतो, कारण अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. पृष्ठभाग पांढुरका पडतो आणि एके दिवशी चिमटा बोटांतच मोडतो. आणि लाकडी असो की प्लॅस्टिकचा, त्यातली स्प्रिंग बहुधा साध्या पोलादाची असते, ती गंजायची तेव्हा गंजतेच.

स्प्रिंगचा चिमटा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या डेव्हिड स्मिथ यांनी १८५३ मध्ये स्प्रिंगने जोडलेल्या दोन लाकडी पायांच्या चिमट्याचे पेटंट घेतले, आणि १८८७ मध्ये सोलोन मूर यांनी एकाच तारेच्या वेटोळ्याची स्प्रिंग त्यात बसवली, जी आजही लाकडी चिमट्यांत दिसते. लाकूड काढून टाकून सगळाच चिमटा त्या तारेतून वळवणे ही त्याच विचाराची पुढची पायरी म्हणता येईल.

मी येथे विचारात घेतलेली रचना अशी आहे. तारेच्या मध्यावर चार फेरे घेऊन वेटोळे केले आहे. वेटोळ्यातून निघालेले तारेचे दोन्ही पाय मागे, म्हणजे बोटांनी दाबायच्या बाजूला जातात. तिथे वळसा घेऊन परत फिरतात, एक वेटोळ्याच्या वरून आणि दुसरा खालून पुढे येतो, आणि पुढच्या टोकांना जबडे होतात. मागचे पाय दाबले की वेटोळे टेकूचे काम करते आणि जबडे उघडतात. यात एक गोष्ट जाणीवपूर्वक साधलेली आहे: पाय दाबताना वेटोळे अधिक घट्ट गुंडाळले जाते, उलगडत नाही. थंड तार वळवताना तिच्यात जे अंतर्गत ताण उरतात, ते गुंडाळण्याच्या दिशेने भार आला तर मदत करतात आणि उलट दिशेने आला तर घात करतात, म्हणून वेटोळ्याच्या स्प्रिंगला नेहमी गुंडाळण्याच्या दिशेनेच भार द्यावा.

आता मुख्य प्रश्न. ताण दिल्यास तार वाकते आणि ताण काढल्यास मूळ आकारात येते, आणि हे वाकणे ताणाच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडला. पण तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्या स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे तार गेली की ती पूर्णपणे परत येत नाही, थोडा वाक कायमचा राहतो, आणि चिमट्याच्या बाबतीत तो वाक म्हणजेच ढिली पकड. स्प्रिंगसाठी कडक ओढलेल्या १.८ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेत तुटण्याचे प्रतिबल, म्हणजे तारेच्या आत दर क्षेत्रफळावर येणारा जोर, सोळाशे मेगापास्कलच्या (चौरस मिलिमीटरला सोळाशे न्यूटनांच्या) आसपास असते, पण कायमचा वाक नको असेल तर काम साधारण हजार मेगापास्कलच्या आतच व्हायला हवे.

वेटोळ्याचा मध्य-व्यास (तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंतचा) १० मिलिमीटर, वेटोळ्यापासून जबडा २५ मिलिमीटरवर आणि बोटांची जागा ३५ मिलिमीटरवर धरू. फक्त दोन फेरे घेतले तर ८ न्यूटनांच्या पकडीसाठी वेटोळ्याला आधीच सुमारे ७ अंशांचा पीळ देऊन ठेवावा लागतो, आणि तोंड ८ मिलिमीटर उघडण्यासाठी आणखी १८ अंश. एवढ्याने बोटांवर २० न्यूटन जोर येतो आणि तारेच्या आतल्या कडेला प्रतिबल चौदाशे मेगापास्कलच्या वर जाते. असा चिमटा पहिल्यांदा पूर्ण उघडतानाच थोडा वाकून बसेल. तीन फेऱ्यांत ते सुमारे १०८५ वर येते, म्हणजे अजूनही मर्यादेच्या किंचित बाहेर. चार फेऱ्यांत मात्र बोटांवरचा जोर १३ न्यूटन आणि प्रतिबल सव्वानऊशेच्या आत येते, आणि जबड्यांची पकड मात्र तीच ८ न्यूटन राहते.

यात जादू काही नाही. फेरे दुप्पट केल्याने वेटोळ्याचा ताठपणा निम्मा होतो, म्हणून तेवढ्याच पकडीसाठी आधीचा पीळ दुप्पट, म्हणजे साडेचौदा अंशांचा द्यावा लागतो. पण चिमटा उघडताना लागणारे पुढचे १८ अंश आता निम्म्या दराने जोर वाढवतात. कापड धरताना जेवढा जोर असतो त्याच्या फार वर तो उघडताना जाऊ नये, हेच या रचनेचे सगळे कसब आहे, आणि ते मिळते मऊ स्प्रिंगला आधी भरपूर पीळ देऊन. बाजारातले पुष्कळ तारेचे चिमटे नेमके उलट असतात: फेरे कमी, तार जाड, नवे असताना दाबायला जड आणि थोड्याच दिवसांत सैल.

तारेच्या जाडीचा हिशेब याहून निष्ठुर आहे, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १५ गेजची तार सुमारे १.८३ मिलिमीटरची आणि १६ गेजची १.६३ मिलिमीटरची, डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही, पण ताठपणा ३८ टक्क्यांनी घसरतो. म्हणून तार विकत घेताना गेज ऐकून समाधान मानू नये, मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्यावी.

एका वेटोळ्याच्या चिमट्याला एक अडचण जन्मतःच चिकटलेली असते. चार फेऱ्यांचे वेटोळे सात मिलिमीटरांहून थोडे रुंद होते आणि तारेचे पाय त्याच्या दोन विरुद्ध कडांतून बाहेर पडतात, त्यामुळे जबडे एकमेकांसमोर येतच नाहीत. आधीच्या पिळामुळे ते एकमेकांना ओलांडून सरळ पलीकडे जातात. जबड्यांच्या टोकांना आडवे वळण देऊन त्यांना मध्यरेषेवर आणावे लागते, आणि जोर आल्यावर ती टोके बाजूला सरकण्याची शक्यता राहतेच. यावर चांगला तोडगा म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन वेटोळी, आणि जबडे म्हणून दोन तारांचे रुंद फासे. दोन वेटोळ्यांवर भार वाटला जातो, म्हणून तार बारीक चालते: दीड मिलिमीटरच्या तारेची दोन वेटोळी मिळून १.८ मिलिमीटरच्या एका वेटोळ्याएवढाच ताठपणा देतात, आणि प्रत्येकातले प्रतिबल तर आणखी कमी होते. फासा रुंद असल्याने कापडावरचा दाबही पसरतो. वळणे वाढतात, तार जास्त लागते, तरी विकण्यासाठी चिमटे करायचे असतील तर मी हीच रचना निवडेन. घरच्या वापरापुरता, हाताने वळवायचा असेल तर एक वेटोळे ठीक आहे. त्याला साधारण ३५ सेंटिमीटर तार लागते, तिचे वजन सुमारे ७ ग्रॅम भरते, म्हणजे किलोभर तारेत नासधूस धरूनही सव्वाशेच्या वर चिमटे निघावेत.

तार स्टेनलेसच का, याचे उत्तर कपड्यावरच्या डागात आहे. साध्या पोलादाचा गंज ओल्या सुताच्या तंतूंत शिरला की साबणाने जात नाही, आणि ब्लीचने तर जास्तच पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवण्याची घरगुती रीत चालते ती लिंबातले सायट्रिक आम्ल लोहाला बांधून घेते म्हणून. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर पृष्ठभाग राखतो. ओरखडा उठला तरी हवेत तो थर पुन्हा धरतो. ३०४ या प्रकारात क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असते, आणि आपल्या भागाला ते पुरेसे आहे. मॉलिब्डेनम घातलेला ३१६ हा महागडा प्रकार कोकणच्या खाऱ्या हवेत लागेल, साताऱ्याला किंवा सांगलीला नाही. काळजी घ्यायची ती वेटोळ्याच्या फेऱ्यांमधल्या फटींची. ब्लीच मिसळलेले पाणी तिथे साचून राहिले तर क्लोराइडमुळे स्टेनलेसलाही खड्डे पडतात, म्हणून फेरे एकमेकांना घट्ट चिकटवू नयेत, केसभर अंतर ठेवावे.

चुंबक लावून स्टेनलेस ओळखण्याची पद्धत दुकानांत सर्रास आहे, पण स्प्रिंगच्या तारेला ती लागू करता येत नाही. ३०४ ची तार थंड अवस्थेत ओढून कडक करताना तिच्या स्फटिकरचनेचा काही भाग बदलतो आणि ती चुंबकाला थोडी चिकटू लागते. तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नये.

वारंवार उघडझाप करून तार थकेल का, ही भीती मात्र फारशी खरी नाही. दिवसातून दोनदा उघडणारा चिमटा दहा वर्षांत सुमारे ७,३०० वेळा उघडतो, आणि मर्यादेत वापरलेल्या स्प्रिंगला हा आकडा किरकोळ आहे. चिमटे निकामी होतात ते बहुतेक गंजाने किंवा कायमच्या वाकाने.

सातारा किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही लहान वर्कशॉपमध्ये हे काम लेथवर किंवा हाताने फिरवायच्या साध्या जिगवर (तार वळवायच्या साच्यावर) होऊ शकते. तार वळवल्यावर ती थोडी उलटते, म्हणून १० मिलिमीटर मध्य-व्यासाच्या वेटोळ्यासाठी दांडा सातेक मिलिमीटरचा घ्यावा आणि नेमके माप दोन-चार नमुने वळवून ठरवावे. पायांच्या वळशांची आतली त्रिज्या तारेच्या जाडीपेक्षा कमी करू नये, नाहीतर बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडतात. वळवून झाल्यावर चिमटे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास तापवले तर वळवताना उरलेले नको ते ताण निघून जातात आणि पकड टिकते. कापलेल्या टोकांना कानस मारून ती आत वळवावीत, कारण उघडे टोक पातळ लुगड्याचा धागा ओढते.

नमुना तयार झाला की तो तपासायला मोठी साधने लागत नाहीत. चिमट्याचा एक जबडा वाइसमध्ये धरावा, दुसऱ्याला सामान तोलायच्या काट्याचा आकडा अडकवावा आणि जबडे जेमतेम विलग होताना काटा किती दाखवतो ते पाहावे. ८०० ग्रॅमच्या जवळपास आकडा आला तर हिशेब जुळला. मग जबड्यांत ८ मिलिमीटरची सळई घालून चिमटा रात्रभर तसाच उघडा ठेवावा आणि सकाळी पुन्हा तोलावा. आकडा स्पष्टपणे उतरला असेल तर तार आपली मर्यादा ओलांडून गेली आहे. मग पुढच्या नमुन्यात आधीच्या पिळाचा कोन वाढवून पकड परत आणण्याच्या मोहात न पडता वेटोळ्याला एक फेरा जास्त द्यावा.